पंडिता रमाबाई : अल्प चरित्र व बोध

आपल्या कामण धर्मग्रामाच्या ज्युबिलीचें हें वर्ष. ज्युबिली हा शब्द जुन्या करारांतून आलेला आहे. इस्राएली लोक दर पन्नासावें वर्ष मुक्तीचें वर्ष म्हणून पाळीत. त्या वर्षीं दासांस घरीं जाऊं द्यावें आणि गेलेली जमीन मूळ घराण्यास परत करावी, अशी आज्ञा होती. म्हणून ज्युबिलीच्या स्मरणिकेंत केवळ देवळाचा इतिहास देऊन थांबणें बरें नव्हे. मुक्तीचें कार्य ज्यांनीं प्रत्यक्ष हातीं घेतलें, अशा एका तरी जीवाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें मनांत आल्यावरून पंडिता रमाबाई सरस्वती ह्यांची ही अल्प जीवनकथा लिहिली आहे. आपल्या आश्रमास त्यांनीं मुक्ति हेंच नांव दिलें होतें.

आरंभींच एक शंका दूर करितों. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथांत झाला, आणि धर्मगुरूंच्या अधिकारापुढें मान तुकविण्याविषयीं त्यांचें मत आपल्याहून फार निराळें होतें. हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती ऐक्याविषयीं जो आदेश काढला, त्यानें आपल्या कुंपणाबाहेरील ख्रिस्तीजनांत जें जें चांगलें आहे त्याचा आदर करण्यास आपणांस शिकविलें. शिवाय प्रभूनें शेजारधर्म समजावून सांगतांना याजकाचा दाखला दिला नाहीं, शोमरोन्याचा दिला, हेंहि विसरतां येत नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळ येथें सह्याद्रीच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा निर्बंध असतां त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविलें, आणि त्यापायीं पंडितांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या मुलीस दिली. रमाबाई कांहीं महिन्यांच्या असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांच्या ओवऱ्यांत पुराण सांगावें आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. सन १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण हीं थोड्याच अवधींत अन्नावांचून गेलीं. उरलीं बहीणभाऊ. दोघांनीं हजारों मैल पायीं तुडविले. उघड्यावर झोपणें म्हणजे काय, भुकेल्या तरुण मुलीकडे लोक कोणत्या डोळ्यांनीं पाहतात, हें रमाबाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

सन १८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. दोन वर्षांनीं भाऊ श्रीनिवास वारला. त्याच सालीं, १८८० मध्यें, त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. वर शूद्र जातीचे म्हणून दोन्हीकडील लोकांनीं नांवें ठेविलीं. १८८१ मध्यें मनोरमा ही कन्या झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पतीस देवाज्ञा झाली. तेविसाव्या वर्षीं त्या विधवा झाल्या; कडेवर दहा महिन्यांचें मूल, आणि माहेर व सासर दोन्ही नाहींसें झालेलें.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. सरकारनें नेमलेल्या हंटर आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली. मुलींसाठीं स्त्रीशिक्षिका असाव्या व स्त्रियांसाठीं स्त्रीवैद्य असाव्या, अशी मागणी त्यांनीं केली. आज ही मागणी साधी वाटते. पण पुरुष वैद्यापुढें लाज सोडण्यापेक्षां ज्या काळीं बाई मरण पत्करी, त्या काळीं ती जिवाची गोष्ट होती.

१८८३ मध्यें त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें स्नानसंस्कार घेतला. तेथील धर्मभगिनी लंडनमध्यें पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. आपल्याकडे अशा स्त्रीस दार बंद. येथें तिच्यासाठीं दार उघडून कोणी उभें आहे, हें पाहून त्यांचें मन प्रभूकडे वळलें. मात्र विश्वासाच्या प्रत्येक तत्त्वाविषयीं त्यांनीं आपल्या गुरुजनांशीं वाद घातला. ख्रिस्ती लोकांतील पंथांची दाटी पाहून त्या गोंधळून गेल्या, असें त्यांनीं स्वतः नमूद करून ठेविलें आहे. तो ठपका आम्हां सर्वांवर आहे, आणि तो न्याय्य आहे.

१८८६ मध्यें, डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानाच्या निमित्तानें, त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्यांच्या कार्यास साहाय्य करण्यासाठीं बोस्टन येथें एक मंडळ उभें राहिलें. स्वदेशीं परतून ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढें आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आलेल्या गोदूबाई ह्या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९० मध्यें सदन पुण्यास नेलें. कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, हें कळल्यावर १८९३ मध्यें शहरांत मोठें वादळ उठलें. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. मुली आपल्या हवालीं केल्या असतां त्यांचा धर्म ढळेल ही पालकांची भीति समजण्यासारखी होती, आणि आपल्या घरीं आपण कशी प्रार्थना करावी ह्याचें स्वातंत्र्य सोडावयास रमाबाई तयार नव्हत्या. ह्या प्रसंगानें त्या एकाकी पडल्या. तरी काम थांबलें नाहीं.

ह्यानंतर ज्या प्रसंगांसाठीं हें चरित्र मुख्यतः लिहिलें, ते आले. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाई तेथें गेल्या. सरकारनें खडी फोडण्याचीं कामें काढलीं होतीं, अनाथगृहें उघडलीं होतीं. सरकारी कागदांवर सर्व व्यवस्था चोख होती. रमाबाईंनीं छावण्यांत फिरून तेथील बायकांस विचारलें, तेव्हां निराळेंच कळलें. ज्या मुकादमाच्या हातीं धान्य, तोच तरुण स्त्रियांकडे धान्याची किंमत मागत होता. मुलींस फूस लावून नेणारे व विकणारे दलाल छावण्यांभोंवतीं घिरट्या घालीत होते. भुकेपासून वांचविण्यासाठीं उभारलेल्या जागेंतच अब्रू जात होती. रमाबाईंनीं तीनशें मुली वांचविण्याचा निश्चय केला, आणि जवळ पैसा नसतां त्यांस पुण्याच्या बाजूस आणण्यास आरंभ केला.

इकडे पुण्यांत प्लेग शिरला होता. मार्च १८९७ पासून रँड ह्यांच्या प्लेग कमिटीखालीं गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊं लागले. रोगी शोधण्यासाठीं ते देवघरांत व माजघरांत शिरत, बायकांस बाहेर काढीत, आणि संशयितांस छावण्यांत नेत. लोक संतापानें पेटले. अशा वेळीं सदनांतील एक तरुण मुलगी सरकारी व्यवस्थेंत नेली गेली, ती परत आली नाहीं. तेथील एका पहारेकऱ्यानें तिला आपलीशी करून ठेविलें, असें रमाबाईंस कळलें. त्यांनीं मे १८९७ मध्यें मुंबईच्या बॉम्बे गार्डियन ह्या ख्रिस्ती पत्रांत हें उघड लिहिलें, आणि प्लेगच्या व्यवस्थेंत स्त्रियांच्या रक्षणाची तजवीज नाहीं असा सरकारवर आरोप ठेविला. त्याची चर्चा विलायतेंतील पार्लमेंटापर्यंत पोहोंचली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनीं त्यांचें म्हणणें दिशाभूल करणारें ठरवून झिडकारलें.

त्या वेळची स्थिति ध्यानांत घ्यावी. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड ह्यांजवर गोळी झाडली. रँड व लेफ्टनंट आयर्स्ट असे दोघे अधिकारी त्या हल्ल्यांत प्राणास मुकले. शहरावर सरकारची करडी नजर बसली. विलायतेंत गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं सोजिरांच्या अत्याचारांविषयीं विधान केलें होतें. पुरावा हातीं न आल्यामुळें परत येतांच त्यांस जाहीर माफी मागावी लागली. जेथें गोखल्यांसारख्या सत्पुरुषास माघार घ्यावी लागली, तेथें एका विधवेस गप्प बसणें किती सोपें होतें! ती ख्रिस्ती, तिला पैसा पाठविणारे गोऱ्यांचे देशबांधव. सरकारशीं वैर तिला परवडणारें नव्हतें. हिंदु समाज तर चार वर्षांपूर्वींच तिच्यावर रुष्ट झालेला. तरीहि रमाबाईंनीं आपलें विधान मागें घेतलें नाहीं.

ह्यांत त्यांचें वैशिष्ट्य आहे. त्या वर्षीं एका पक्षास साम्राज्याची इभ्रत राखावयाची होती, दुसऱ्यास स्वधर्माची व स्वराष्ट्राची. दोन्ही पक्षांच्या तोंडीं स्त्रियांच्या अब्रूची भाषा होती. रमाबाईंनीं विचारलें तें एवढेंच, कीं ती अमुक एक मुलगी कोठें आहे. सूड घेणें हें त्यांचें काम नव्हतें. आणि शांततेच्या नांवाखालीं तोंड मिटून घेणें हेंहि नव्हतें. रक्षणाचा अधिकार ज्याच्या हातीं दिला, त्यास प्रथम जाब विचारावा, हा धडा त्यांनीं दुष्काळाच्या छावण्यांत शिकला व प्लेगच्या छावणीपुढें लागू केला. २००० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनें ठराव क्रमांक १३२५ संमत करून युद्ध व कलह ह्यांच्या काळांत स्त्रियांचें रक्षण व्हावें आणि शांततेच्या कामांत त्यांस बरोबरीचें स्थान असावें, असें जगास सांगितलें. केडगांवच्या बाईंनीं तो विषय शंभर वर्षांपूर्वीं मांडला होता.

पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेविली होती. दुष्काळांतून आणलेल्या मुलींस पुण्यांत ठेवण्यास अडथळा आल्यावर त्यांनीं तेथेंच झोंपड्या व तंबू उभारले. मुक्ति सदन असें त्या वसाहतीचें नांव पडलें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. इतक्या जणींस केवळ जेवूं घालून त्या थांबल्या नाहींत. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, दुभतें, धुलाई, छापखाना, असे धंदे त्यांनीं मुलींच्या हातीं दिले. अंध मुलींस मनोरमेनें ब्रेल लिपि शिकविली. ज्यांस जगानें वाटेल तसें वापरून टाकून दिलें, त्यांच्यासाठीं कृपा सदन निराळें उघडलें. पोट भरण्याची विद्या हातीं असली म्हणजे मुकादमापुढें पदर पसरावा लागत नाहीं, हें त्यांनीं स्वानुभवानें ओळखलें होतें.

उत्तरायुष्यांत रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बाईबापड्यांस समजेल अशा मराठींत संपूर्ण बायबल उतरविलें, आणि तें मुक्तीच्या छापखान्यांत मुलींनींच छापलें. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं पुढें जें सुबोध बायबल दिलें, त्या वाटेवर प्रथम चालणाऱ्यांत ही बाई होती, हें ध्यानीं ठेवावें. १९१९ मध्यें सरकारनें त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिलें; एकेकाळीं ज्या सरकारनें त्यांस झिडकारलें, त्याच सरकारनें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. मुलीच्या मागोमाग, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांव येथें रमाबाईंनीं देह ठेविला. त्यांचें मुक्ति सदन आजहि चालू आहे.

आतां ह्या चरित्राचा आपणांस बोध काय? आपलें कामण एके काळीं डोंगराच्या कुशींतलें आडबाजूचें गांव होतें. आज वसई-दिवा मार्गावरील गाड्या व भिवंडीकडे जाणारा रस्ता ह्यांमुळें कामधंद्यासाठीं येणाऱ्या परमुलखांतील स्त्रिया येथून जातात, कांहीं येथेंच राहतात. डोंगराकडील पाड्यांवरील आपल्या बहिणी तर पिढ्यान्‌पिढ्या येथल्याच. त्यांपैकीं एखादीस मजुरी देणाऱ्यानें, घर भाड्यानें देणाऱ्यानें अथवा घरच्याच माणसानें छळलें, तर ती कोणापाशीं जाईल? तिनें प्रथम देवळाच्या दाराशीं यावें व तिच्यावर विश्वास ठेवला जावा, एवढी कीर्ति आपल्या धर्मग्रामाची झाली, तर ज्युबिली सार्थ झाली असें समजेन.

आणखी एक गोष्ट, जी लिहितांना लेखणी थोडी अडखळते. रक्षकांस जाब विचारावा हा नियम मुकादमास व शिपायास लागू, आणि देवळास नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. ख्रिस्तसभेच्या कुशींतहि कांहीं मेंढपाळांनीं कळपावर अत्याचार केले, व इतरांनीं ते झांकले, हें आज जगास ठाऊक आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं नियम करून, अशा तक्रारी घेण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतांत असावी, असें बंधन घातलें. संस्थेची अब्रू आधीं आणि मुलीची मागाहून, असा हिशेब पुण्यांत एकदां झाला. तो आपल्या अंगणांत होऊं नये. माझ्यासकट जो कोणी ह्या वेदीपाशीं उभा राहील, त्यास विचारण्याचा अधिकार येथील प्रत्येक मातेस व कन्येस आहे, आणि तो बजावणें हें श्रद्धेचेंच काम आहे.

मुक्तीच्या ह्या वर्षीं परमेश्वर आपल्या धर्मग्रामांतील सर्व मातांस रमाबाईंचें धैर्य देवो, आणि आम्हां पुरुषांस त्यांचें ऐकून घेण्याची नम्रता देवो, अशी प्रार्थना करून हें अल्प चरित्र प्रभुचरणीं अर्पण करितों.