क्रॉस कंपायलरचे एक आद्य शिल्पकार : गॅरी किल्डॉल

लोणार सरोवराच्या काठी पाण्याची क्षारता मोजणारे एखादे छोटे यंत्र बसवायचे ठरविले, तर त्यातील चिमुकल्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम तयार करता येत नाही. तो मोठ्या संगणकावर लिहून, तेथेच त्या प्रोसेसरच्या सूचनांत उतरवून मग यंत्रात भरावा लागतो. हे काम क्रॉस कंपायलर करतो. मायक्रोप्रोसेसरसाठी ही सोय प्रथम उपलब्ध करून देणाऱ्यांत गॅरी किल्डॉल यांचे नाव अग्रभागी आहे.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. त्यांच्या घराण्याची नौकानयनाची शाळा होती. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते अध्यापन करीत आणि इंटेल कंपनीला सल्लाही देत.

इंटेलच्या ८००८ या मायक्रोप्रोसेसरसाठी तेव्हा असेंब्ली भाषेत एकेक सूचना लिहावी लागे. किल्डॉल यांनी १९७३ च्या सुमारास त्यासाठी पीएल/एम ही उच्चस्तरीय भाषा सिद्ध केली. तिचा कंपायलर फोरट्रानमध्ये लिहिलेला होता. तो चाले मोठ्या संगणकावर. सूचना मात्र तयार करी त्या इवल्या चिपसाठी. प्रोग्रॅममधील माहिती कोठून कोठे वाहते याचे गणित मांडून भाषांतर आटोपशीर करण्याची त्यांची रीतही १९७३ चीच. आजच्या कंपायलरांच्या मुळाशी ती आहे.

आज मुक्त स्रोतातील जीसीसीपासून हे साधन कोणालाही घरी घडविता येते, पण क्रम चुकून चालत नाही. प्रथम लक्ष्य प्रोसेसरचे नाव देऊन असेंब्लर व लिंकर बांधायचे. मग केवळ सी भाषेपुरता प्राथमिक कंपायलर, त्याच्या साह्याने सी लायब्ररी आणि अखेरीस पूर्ण कंपायलर. लायब्ररीला कंपायलर हवा आणि पूर्ण कंपायलरला लायब्ररी. म्हणून कंपायलर दोनदा बांधण्याचा हा द्राविडी प्राणायाम!

१९७४ मध्ये किल्डॉल यांनी पीएल/एमच्याच आधारे सीपी/एम ही संगणक प्रणाली रचली. पत्नी डोरोथी यांच्यासमवेत त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली आणि छोट्या संगणकांवर सीपी/एमचे राज्य सुरू झाले. १९८० मध्ये आयबीएमशी बोलणी फिसकटली व ते काम मायक्रोसॉफ्टकडे गेले. कारणांविषयी आजही मतभेद आहेत. किल्डॉल म्हणजे संधी हुकलेला माणूस, एवढेच त्यानंतर सांगितले जाऊ लागले. हे अन्यायाचे आहे. त्यांचे मोठे काम त्याआधीच झाले होते.

१९९१ मध्ये नॉव्हेलने त्यांची कंपनी घेतली. माँटेरे येथे झालेल्या दुखापतीनंतर ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पॅसिफिक ग्रोव्ह येथील कंपनीच्या जुन्या वास्तूपाशी २०१४ मध्ये सीपी/एमचा स्मृतिफलक बसविण्यात आला.