डॉक्टर रोनाल्ड रॉस व हिंवतापाचा डांस

थंडी वाजून ताप भरतो, घाम येऊन उतरतो, आणि एक दिवस सोडून पुन्हा येतो. हा हिंवताप उल्हास नदीकांठच्या मोहने गांवापासून घाटमाथ्यापर्यंत आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. पूर्वीं लोक तो दलदलीच्या वाईट हवेनें होतो असें समजत; कोणी त्यास देवतेचा कोप म्हणत. हा भ्रम ज्यांनीं दूर केला, त्या डॉक्टर रोनाल्ड रॉस यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं अलमोडा येथें झाला. वडील लष्करांत अधिकारी होते. मुलाचा ओढा काव्याकडे व चित्रकलेकडे. तथापि वडिलांच्या इच्छेस मान देऊन तो वैद्यक शिकला व १८८१ सालीं हिंदुस्थानांत सरकारी डॉक्टर झाला. हिंवतापाचे जंतू रोग्याच्या रक्तांत असतात, हें लाव्हरां नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८८० सालीं पाहिलें होतें. पण ते एका मनुष्यापासून दुसऱ्यास कसे जातात? ते डांसांत वाढत असावेत, असा तर्क १८९४ सालीं लंडनमध्यें पॅट्रिक मॅन्सन यांनीं रॉस यांस सांगितला.

पुढील वर्षीं रॉस शिकंदराबादेस आले. दोन वर्षें त्यांनीं असंख्य डांस चिरून पाहिले. हातीं कांहीं लागलें नाहीं. ज्या जातींचे डांस ते तपाशीत, त्यांत मनुष्याच्या हिंवतापाचा जंतू वाढतच नाहीं. घामानें सूक्ष्मदर्शक यंत्राचे स्क्रू गंजले. डांस उडून जाऊं नयेत म्हणून पंखाही बंद ठेवावा लागे. शेवटीं ठिपकेदार पंखांचे डांस मिळाले. हुसेन खान नांवाच्या रोग्यानें डांसामागें एक आणा घेऊन ते आपणांस चावूं दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजीं त्यांतील एकाच्या जठराच्या भिंतींत रॉस यांस वाढता जंतू दिसला. रॉस यांची कीर्ति जगभर झाली. परंतु त्या गरीब रोग्यासही आम्ही विसरूं नये.

१८९८ सालीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, जंतू डांसाच्या लाळेंत उतरतो व दंशावाटे निरोगी पक्ष्यांत शिरतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. मनुष्याविषयीं तेंच इटालियन डॉक्टरांनीं त्याच वर्षीं दाखविलें. रॉस यांस १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं ते लंडन येथें निवर्तले.

या शोधाचा आम्हांस उपयोग काय? हिंवताप पसरविणाऱ्या डांसाचें नांव ॲनॉफिलीस. त्याची मादीच रक्त पिते, व बहुधा रात्रीं चावते. ती पाण्यावर अंडीं घालते. त्यांतून अळी, मग कोष, आणि सुमारें आठदहा दिवसांत डांस होतो. हें पाणी घाणच असतें असें नाहीं. १९११ सालीं डॉक्टर बेंटली यांनीं मुंबईची पाहणी केली, तेव्हां घरोघरच्या विहिरींतच हा शत्रु वाढतांना आढळला.

म्हणून विहीर व टांकी झांकावी, पिपें दर आठवड्यास रिकामीं करून घासावीं, डबकीं बुजवावीं, मच्छरदाणींत निजावें. ताप येतांच रक्त तपासून घ्यावें व औषध पुरतेपणीं घ्यावें. रॉस यांनीं दोन वर्षें जो शत्रु शोधला, तो आमच्या अंगणांतील पाण्यावर उघड्या डोळ्यांनीं दिसतो.