रेम्ब्रँटने जाणकाराला गाढवाचे कान लावले, त्याचा किस्सा

डच चित्रकार रेम्ब्रँटकडून पोर्ट्रेट काढून घेणं म्हणजे ॲमस्टरडॅमच्या श्रीमंतांची हौस. १६४२ च्या सुमारास अँड्रिस डी ग्राफ या बड्या असामीने पोर्ट्रेट तर काढून घेतलं, पण पैसे देताना खळखळ केली. मामला पंचांकडे गेला. निकाल लागला, ५०० गिल्डर द्या.

१६४४ मध्ये रेम्ब्रँटने शाईने एक रेखाटन केलं. पिंपावर बसलेला एक जाणकार समोरच्या चित्राबद्दल अक्कल पाजळतोय. त्याच्या टोपीतून गाढवाचे कान बाहेर आलेत! कोपऱ्यात एकजण चक्क शौचाला बसलाय. टोमणा नेमका कुणाला, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे.

१६५४ मध्ये दिएगो द'आंद्रादे या व्यापाऱ्याने तक्रार केली, तरुणीचं पोर्ट्रेट तिच्यासारखं दिसतच नाही. ७५ गिल्डर त्याने आधीच दिले होते. उरलेले मिळाल्याशिवाय ब्रशला हात लावणार नाही, आणि चेहरा जुळतो की नाही हे चित्रकारांचा संघच ठरवेल, असं रेम्ब्रँटने कळवलं. पैसे गिऱ्हाइकाचे असले तरी चित्राची पारख त्याची नाही, हा त्याचा हेका.

१६५६ मध्ये रेम्ब्रँटचं दिवाळं निघालं. पुढे घरही विकलं गेलं. १६६९ मध्ये त्याला भाड्याच्या कबरीत पुरलं.

ते गाढवाचे कान मात्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जपून ठेवलेत.