नाथांच्या वाड्यातला भाद्रपद

गणपतीच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी आपण आरत्या म्हणतो. गणपतीची, देवीची, शंकराची झाली की दत्ताची आरती येते. तिच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव आहे. पण तोवर कापराची शोधाशोध सुरू झालेली असते आणि मुलांचे डोळे प्रसादाच्या ताटाकडे लागलेले असतात. ज्यांनी तो प्रसाद केला त्या बायका बहुधा आरतीला नसतातच, कारण आत मोदकांचा दुसरा घाणा चाललेला असतो. मंडळातल्या एका काकूंनी मागे सहज म्हटले होते की दहा दिवस देव घरी राहायला येतो, पण त्याच्यासमोर दहा मिनिटे बसणे होत नाही. त्यांचे ते बोलणे आमच्या मनात राहिले, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या आरतीच्या कवीचे, पैठणच्या एकनाथ महाराजांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरवले.

संत म्हटला की घर सोडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. नाथांनी घर सोडले नाही. १५३३ च्या सुमारास पैठणला, भानुदासांच्या प्रसिद्ध कुळात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवले. बालवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. हे स्वामीही संसारी, शिवाय नोकरदार. देवगिरी किल्ल्याचा कारभार त्यांच्याकडे होता आणि गुरुवार तेवढा त्यांनी दत्तभक्तीसाठी राखून ठेवला होता, असे सांगतात.

हिशेबाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असेल. गुरूंनी एकनाथांना जमाखर्च लिहायला बसवले. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. दिवा जळत राहिला, मध्यरात्र उलटली, शेवटी चूक सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि त्यांनी शिष्याला समजावले, की एका पैच्या चुकीचा शोध लागल्यावर एवढा आनंद होतो, तर जन्माच्या हिशेबातली चूक सापडल्यावर किती होईल. आमच्यातले निम्मे लोक दफ्तरात, बँकेत नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्य काढलेले. त्यांना ही गोष्ट विशेष आवडते. आम्हाला तिच्यात दिसते ते एवढेच, की गुरूंनी ती वही हातातून काढून घेतली नाही.

पुढे गुरूंच्याच आज्ञेने एकनाथ पैठणला परतले आणि गिरिजाबाईंशी त्यांचे लग्न झाले. दोन मुली आणि हरी नावाचा मुलगा झाला. कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे पुत्र. पहाटे गोदावरीचे स्नान, मग पूजा, ग्रंथवाचन, दुपारी पंगत, संध्याकाळी पुराण, रात्री कीर्तन असा त्यांचा दिवस महिपतीने वर्णिला आहे. ऐकायला किती निवांत! पण ज्या घरी रोज पाहुण्यांची पंगत बसते तिथे निवांतपणा कुणाच्या वाट्याला येतो? पाणी, सरपण, दळण, कांडण, उष्टी खरकटी. त्या घरात श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपाने प्रत्यक्ष देवाने बारा वर्षे कावडीने पाणी भरले, असे परंपरा सांगते. देव आला तो पाणक्या होऊन, म्हणजे ज्या कामाला घरात माणूस कमी पडत होता त्याच कामाला. पैठणच्या वाड्यातला रांजण नाथषष्ठीच्या आधी भाविक अजूनही गोदावरीच्या पाण्याने भरतात.

अनंत चतुर्दशी झाली की आपल्या घरांतून पितृपक्ष सुरू होतो. मखर उतरते आणि वडे, खीर, कढी यांची तयारी लागते. अशा वेळी नाथांच्या घरचे श्राद्ध आठवते. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. त्या काळी अस्पृश्य मानलेले काही भुकेले लोक रस्त्याने जात होते, त्यांना अन्नाचा वास आला. नाथांनी त्यांना बोलावून तेच अन्न वाढले. मग ब्राह्मणांसाठी सगळा स्वयंपाक पुन्हा झाला, तरी ते जेवायला आले नाहीत. तेव्हा पितर स्वतःच पानांवर येऊन बसले, अशी कथा आहे. कीर्तनकार या चमत्कारावर थांबतात. आमच्या मते थांबायला हवे ते दुसऱ्या स्वयंपाकावर. चूल पुन्हा पेटवणाऱ्या गिरिजाबाई होत्या, आणि त्यांनी कुरकूर केल्याचे कुठल्याही कथेत नाही. नाथांच्या घरात देव सापडला असेल तर त्यात निम्मा वाटा या बाईंचा आहे. चरित्रकारांनी त्यांना फार थोड्या ओळी दिल्या.

या गजबजाटातच त्यांचे लेखन झाले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरच्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात लिहिले, उरलेले काशीत, आणि १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला ग्रंथ पुरा झाला. ओव्या अठरा हजारांहून अधिक. गंमत अशी, की याच स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये पिलांच्या मायेने जाळ्यात सापडलेले कपोताचे जोडपे आहे. पाहुण्यांसाठी साळी कांडताना बांगड्या वाजू नयेत म्हणून हातात एकेकच ठेवणारी ती मुलगीही आहे. आपण धानाच्या मुलखातली माणसे, आपल्या आज्यांनी उखळावर धान कांडले आहे. हा दृष्टान्त आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. एकटे राहा, हा त्याचा अर्थ. तो अर्थ मराठीत उलगडून सांगणाऱ्याच्या घरात मात्र बायको, तीन मुले आणि रोजची पंगत होती. नाथांनी बांगड्या उतरवल्या नाहीत, त्या वाजत असतानाच लिहिले.

भाद्रपदाशी त्यांचे आणखी एक नाते आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून त्यांनी ती शुद्ध केली. ते काम १५८४ साली भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला पुरे झाले. ज्ञानेश्वरी जयंती आपण त्याच तिथीला, म्हणजे गणपती गेल्यावर आठवडाभरात पाळतो.

घरातला सर्वांत अवघड काळ पुढे आला. हरिपंडित संस्कृतात विद्वान झाला आणि वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, याची त्याला लाज वाटू लागली. तो बायकामुलांसह काशीला निघून गेला. म्हातारे नाथ त्याला आणायला गेले. यापुढे मराठीत प्रवचन करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, अशा दोन अटी मुलाने घातल्या. ज्यांनी उभा जन्म मराठीत लिहिण्यात घातला त्यांनी त्या मान्य केल्या. मुलगा घरी आला, पुराण संस्कृतात होऊ लागले, आणि श्रोते हळूहळू येईनासे झाले.

मग एक गरीब बाई आली. तिचा सहस्रभोजनाचा संकल्प होता आणि हजार पाने वाढण्याची ऐपत नव्हती. नाथ एकटे जेवले तरी आपला संकल्प पुरा होईल, असे तिला वाटे. नाथांनी होकार दिला. परान्नाची अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवण झाल्यावर तो उष्टी पत्रावळ उचलू लागला तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या. त्याचा अभिमान तिथे गळला आणि वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले. उष्टे काढताना ज्याला वडील कळले, असा हा पंडित.

ही गोष्ट आम्ही बालाघाटकर जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. मग नागपूर महाराष्ट्रात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. आपली मुले हिंदीत शिकतात, नोकरीला पुण्याला, हैदराबादला जातात, आणि गणपतीला आली तर आरतीचे पुस्तक हातात धरून अडखळत म्हणतात. त्यांना घरी आणायला नाथ स्वतः काशीपर्यंत गेले असते आणि अटीही ऐकून घेतल्या असत्या, असे आम्हाला वाटते.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. गुरूंच्या आणि त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना याच तिथीच्या, असे परंपरा मानते. भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, ते गावबा या शिष्याने पुरे केले.

चतुर्दशीला आपण वैनगंगेवर जाऊ. तिचे पाणी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. त्या दिवशीची आरती घाटावर असते, चूल बंद असते. दत्ताच्या आरतीचे शेवटचे कडवे यंदा काकूंनी म्हणावे, असे मंडळात ठरले आहे.