कुमारी कर्नेलिया सोराबजी

अनाथांविषयीं दया पुष्कळांस येते. परंतु त्यांची बाजू सरकारदरबारीं मांडण्याचे श्रम थोडेच करितात. त्या थोडक्यांत कुमारी कर्नेलिया सोराबजी ह्यांची गणना होते.

त्यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते. आई फ्रान्सिनाबाई ह्यांनीं पुण्यांत शाळा चालविल्या. कर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजांत शिकून मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. १८९२ सालीं त्यांनीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची बी. सी. एल. परीक्षा दिली. तोंवर कोणत्याही स्त्रीनें ती दिली नव्हती. परंतु स्त्रियांस पदवी देण्याचा तेथें नियम नसल्यामुळें ती त्यांस १९२२ पर्यंत मिळाली नाहीं. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं मुंबईची एलएल. बी. व अलाहाबादची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली. तरी सनद मिळेना.

त्या काळीं जमीनदार वारला व वारस अज्ञान असला, म्हणजे कोर्ट ऑफ वॉर्ड्स हें सरकारी खातें त्याची मिळकत सांभाळी. परंतु पडद्यांतील विधवेस परपुरुष अधिकाऱ्याशीं बोलतां येत नसे. तिचें म्हणणें नातलग किंवा कारभारी कळवी, आणि कित्येकदां मिळकतीवर त्याचाच डोळा असे. कायदा होता, कचेरीही होती. पण लेकराची खरी हकीकत तेथवर पोहोंचत नव्हती. ही उणीव कर्नेलियाबाईंनीं सरकारच्या वारंवार नजरेस आणिली, तेव्हां १९०४ सालीं बंगालच्या ह्या खात्यांत त्यांची नेमणूक झाली. पुढें बिहार, ओरिसा व आसाम हे प्रांतही त्यांजकडे आले. रेल्वेनें, होडीनें, पालखींतून त्या जनानखान्यापर्यंत जात. मुलांची प्रकृति, शिक्षण व पोटगी ह्यांची स्वतः चौकशी करीत. सुमारें वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलें ह्यांस त्यांचें साह्य झालें, असें सांगतात.

१९२३ च्या कायद्यानें स्त्रियांस वकिली खुली झाली व त्यांनीं कलकत्त्यास काम सुरू केलें. स्वराज्याच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. त्यांचें तें मत आम्हांस मान्य नाहीं. १९५४ सालीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या खात्याची छाया केवळ मिळकतदाराच्या मुलांवर होती. आज गरिबाच्या लेकरासही कायद्याचा आधार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें ज्या ठाणें जिल्ह्यांत येतात, तेथें बाल न्याय कायद्याप्रमाणें बाल कल्याण समिति असते. आणि १९८७ च्या कायद्यानें मुलांस व स्त्रियांस विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. परंतु पोरकें मूल आपल्या पायांनीं कचेरीची पायरी चढत नाहीं. म्हणून आमच्या वाचकांनीं शेजारच्या अशा लेकराचा हात धरून तेथवर चालत जावें. कर्नेलियाबाईंनीं जन्मभर हेंच केलें.