दोन थेंबांची देणगी

मुलांनो, घरात बाळ जन्माला आले की सर्वांना किती आनंद होतो! बाळ डोळे उघडते आणि टकमक बघू लागते. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील कित्येक बाळांच्या नशिबी हे सुख नव्हते. जन्मानंतर दोन-चार दिवसांतच त्यांचे डोळे लाल होत, सुजत आणि त्यांतून पू वाहू लागे. पुढे बुबुळाला जखम होई व दृष्टी कायमची जाई. तेथील अंधशाळांत अशी अनेक मुले होती. या संकटावर उपाय शोधणाऱ्या डॉक्टरांची ही हकीकत ऐका.

त्यांचे नाव कार्ल क्रेडे. त्यांचा जन्म १८१९ मध्ये जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. १८५६ मध्ये ते लाइपझिग येथे प्राध्यापक झाले. तेथील प्रसूतिगृहाचा कारभारही त्यांच्याकडे होता. या प्रसूतिगृहात शंभरांपैकी सुमारे दहा बाळांना हा रोग होत असे.

१८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले. आईच्या शरीरातील हे जंतू जन्माच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत शिरतात. क्रेडे यांनी आधी आईवर उपचार करून पाहिले; पण तेवढ्याने रोग थांबला नाही. मग त्यांनी बाळाच्या डोळ्यांकडे लक्ष वळवले. रोग होण्याची वाट कशाला पाहायची? १८८० मध्ये त्यांनी प्रत्येक बाळाचे डोळे जन्मताच पुसून, काचेच्या कांडीने दोन्ही डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचा एकेक थेंब टाकण्यास सुरुवात केली. हे औषध चांदीपासून बनते.

काय आश्चर्य! रोगी बाळांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी झाले. १८८१ मध्ये क्रेडे यांनी ही माहिती छापून सर्वांसमोर ठेवली. उपाय स्वस्त होता आणि सुईणीलाही जमेल इतका सोपा होता. तो देशोदेशी पसरला. १८९२ मध्ये क्रेडे यांचे निधन झाले. पण त्यांच्या उपायामुळे पुढेही असंख्य मुलांची दृष्टी वाचली.

सिल्व्हर नायट्रेटमुळे डोळ्यांची आग होई. म्हणून पुढे अनेक देशांत त्याच्या जागी जंतुनाशक मलम आले. गरोदरपणीच आईची तपासणी व इलाज करणे हाही आज मोठा उपाय मानला जातो.

मुलांनो, तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण आली, तर एवढे लक्षात ठेवा. बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुवा. प्रेमापोटीसुद्धा त्याच्या डोळ्यांत काजळ, सुरमा, मध किंवा दूध घालू देऊ नका. डोळे लाल झाले, सुजले किंवा त्यांतून पू आला, तर त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यायला अम्मी-अब्बांना सांगा. रोग झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊच न देणे चांगले, हाच धडा क्रेडे यांनी जगाला दिला.