वकीलपत्र जनतेचे

न्यायासनापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलाने प्रथम सिद्ध करावयाचे असते ते हे की, आपण कोणातर्फे बोलत आहोत. वकीलपत्राविना केलेला युक्तिवाद कितीही बिनतोड असला तरी तो व्यर्थच. न्यायालयातील हा साधा नियम गणेश वासुदेव जोशी यांनी सार्वजनिक जीवनात आणला, आणि त्यामुळेच ते महाराष्ट्राचे ‘सार्वजनिक काका’ झाले.

१८२८ साली साताऱ्यास जन्मलेल्या जोशींनी आरंभी रत्नागिरीस सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे वकिलीची परीक्षा देऊन ते पुण्यात स्थिरावले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता; परंतु तो मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणजे २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा दंडक होता. सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने पंचाण्णव सभासद बोलू लागले. मताधिकाराचे नावही नसलेल्या त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती.

न्यायमूर्ती रानडे यांची प्रज्ञा आणि काकांचे अविश्रांत श्रम यांच्या संयोगाने सभेचा दबदबा वाढला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे ठेवली. पुराव्यावाचून तक्रार करावयाची नाही, ही वकिली शिस्त तेथेही सुटली नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले, ते स्वदेशी खादीच्या वेषात.

त्यांची खरी कसोटी मात्र १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्या वर्षी लागलेल्या आगींमुळे सरकार पुण्याकडे संशयाने पाहत होते. रानड्यांचीही धुळ्यास बदली झाली होती. अर्ज-विनंत्यांचा मार्ग पत्करलेल्या काकांचा व सशस्त्र बंड पुकारणाऱ्या फडक्यांचा पंथ भिन्न होता. फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर आणि आपल्या हातांनी वाढविलेल्या सभेवर रोष ओढवून घेणेच होते. तरीही काका बचावासाठी उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांची एडनला रवानगी झाली. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काकांचे निधन झाले.

खटला हरला म्हणून ते कार्य निष्फळ ठरत नाही. ज्याची मते आपणास मान्य नाहीत त्याचीही बाजू निर्भयपणे मांडली गेली पाहिजे, हा वकिलीचा धर्म होय. लोकांच्या नावाने बोलणाऱ्यांची आज वाण नाही. पण लोकांनी दिलेले वकीलपत्र किती जणांपाशी आहे, आणि पक्षकार अडचणीत आला असता किती जण त्याच्या बाजूस उभे राहतील? सार्वजनिक काकांचे स्मरण करावयाचे ते हे दोन प्रश्न जागे ठेवण्यासाठीच.